ब्लडबोर्नचे पत्ते: फासा राक्षसाचा, डाव आपला

‘ब्लडबोर्न: द कार्ड गेम’ या राक्षसांच्या शिकारीच्या पत्त्यांच्या खेळाला कुणी कुणी नुसता फाशाचा जुगार म्हणतं. मला हे अजिबात पटत नाही. फासा पडतो तो राक्षसाच्या हल्ल्याचा. आपण काय करायचं, ते हातातल्या पत्त्यांवरच ठरतं.

इकडे परभणीत सुट्टीला सगळे जमले की आम्ही हा खेळ मांडतो. प्रत्येकजण एक पत्ता पालथा ठेवतो आणि सगळे एकदमच उलटतात. राक्षस मरायला टेकलेला, माझ्याकडे रक्ताच्या टोकनांचा, म्हणजे गुणांचा ढीग. आता अजून एक घाव घालू, की ‘हंटर्स ड्रीम’ हा पत्ता टाकून टोकनं सुरक्षित करू? ड्रीममध्ये गेलं तर त्या घावाचा वाटा हुकतो. थांबलं आन् मेलं, तर सुरक्षित न केलेलं सगळं जातं. मूळ ‘ब्लडबोर्न’ व्हिडिओ गेममध्ये (२०१५) निदान परत जाऊन ते उचलता येतं, इथे तेवढीही सवलत नाही! समोरचा काय टाकणार हे त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं, मेंढीकोटासारखंच. हे जुगारात कुठे असतं, सांगा बरं?

हा खेळ बनवणाऱ्या एरिक लँगनं २०१६ मध्ये मूळ गेमची गोष्ट पत्त्यांवर उतरवायच्या भानगडीत न पडता फक्त तो हावरेपणा उचलला, आणि माझ्या मते तेच लई भारी केलं.

तक्रार एकच, किमान तिघं लागतात. घरात दोघंच खेळणार असाल तर घेऊ नका.