'मूत्रपिंड' लिहावं की 'किडनी'?

मी दर्यापूर तालुक्यात आरोग्यसेविका आहे. आमचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट. किडनीचा विषय निघाला की बाया हातातलं काम ठेवून ऐकतात. फळ्यावर 'मूत्रपिंड' लिहिलं की मात्र कोणी वाचत नाही. 'वृक्क' आणखी वेगळं काही असतं का?

– नाही, अवयव एकच. 'वृक्क' संस्कृत, 'गुर्दा' फारसीतून आलेला. आमच्या अकोल्याकडे तो मटणाच्या दुकानात जास्त ऐकू येतो. गंमत 'मूत' शब्दाची. चारचौघांत तो कोणी उच्चारत नाही, 'लघवी' म्हणतात. पण 'मुतखडा' म्हणायला कोणालाच संकोच नाही. आणि 'उन्हाळी लागणं' फळ्यावर जरूर लिहा. लघवी थेंब थेंब, आगीसारखी होते ती उन्हाळी. बाहेरून आलेल्या डॉक्टरला ते ऊन लागणं वाटतं.

– मी डायलिसिस विभागात काम केलंय. माझी तक्रार 'मूत्रपिंड' या शब्दावरच आहे. त्यात मूत्र तेवढं दिसतं, काम दिसत नाही. "मले लघवी साफ होते, मंग किडनी खराब कशी?" हे मी किती जणांकडून ऐकलं! किडनी बिघडली तरी लघवी होत राहू शकते, कचरा मात्र रक्तात साचतो. शिवाय रक्तदाब सांभाळणं, रक्त वाढवणारं संप्रेरक तयार करणं हीही तिचीच कामं. म्हणून तर अशा रुग्णांचं रक्त कमी होतं.

– मग 'रक्ताची चाळणी' म्हणू?

– अर्धंच बरोबर. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात, म्हणजे 15 लिटरच्या 12 बादल्या. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी, साखर, लागेल तेवढं मीठ बारीक नळ्या परत रक्तात घेतात. चाळणीला हे जमत नाही. हे निवडणं आहे.

– आज तूर निवडत बसलेल्या बायांना असंच सांगितलं. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे आधी सारं सुपात घेते, मंग कामाचं पोत्यात वापस टाकते." आता फळ्यावर 'किडनी'च ठेवते. किडनीचं काम कसं चाललंय ते कळायला रक्तात जो कचरा मोजतात, त्या क्रिएटिनिनला मराठी शब्द द्या.

– देऊ नका. रिपोर्टवर क्रिएटिनिनच छापलेलं असतं, रिपोर्ट हातात आलेल्या बाईला ते ओळखता आलं पाहिजे.