मदत हवी आहे: 'हाकुरो निशिकी' विलोची पानं करपताहेत, छाटणी कधी करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही दक्षिण लंडनमध्ये राहतो. मागच्या अंगणात कुंडीत 'हाकुरो निशिकी' जातीचा विलो आहे. उंच सरळ खोडावर कलम बांधून वर गोल डोकं केलेला असतो ना, तसला. वसंतात कोवळी पानं गुलाबी-पांढरी येतात, त्या रंगासाठीच घेतला होता.

यंदा मात्र जूनपासून पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत झाल्यात. गुलाबी रंग जवळजवळ गेलाच. शिवाय खोडाच्या मध्यातून साध्या हिरव्या पानांचे दोन फुटवे जोरात वाढताहेत. पानं उलटून पाहिली, नारिंगी पूड किंवा मावा नाही. कुंडी फूटभर रुंद, पश्चिमेच्या विटांच्या भिंतीला लागून. पाणी रोज संध्याकाळी.

आता ऑगस्टमध्ये छाटू का? की जमिनीतच लावू? घर व्हिक्टोरियन काळातलं, अंगणाखालून सांडपाण्याचे भाजक्या मातीचे जुने नळ जातात, आणि जमीन चिकणमातीची. शेजारचे आजोबा म्हणतात, विलो लावलास तर नळात मुळं शिरलीच म्हणून समज.

– अंगणवेडी

परसदारी: ताई, आधी ते दोन फुटवे काढा, आजच. ती खुंटाची, म्हणजे ज्या खालच्या झाडावर कलम बांधलंय त्याची फूट आहे, कलमाची नाही. खुंट जोमदार असतो, ठेवलीत तर वरचं डोकं उपाशी मरेल. कोवळे असतील तर बोटाने ओढून काढा, जाड झाले असतील तर खोडालगत कापा. डोक्यातही एखादी फांदी पूर्ण हिरवी दिसली तर ती बुडख्यापाशी कापून काढायची.

रंगाचं म्हणाल तर गुलाबी छटा फक्त नव्या फुटीवर येते आणि उन्हाळा चढला की पानं हिरवट होतातच. मोठी छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, डोळे (काडीवरचे कोंब) फुटायच्या आत. मागच्या वर्षीच्या काड्या दोन-तीन डोळे ठेवून कापा, पण कलमाच्या गाठीखाली जाऊ नका. बघायला भयंकर वाटतं, पण एप्रिल-मेमध्ये झाड भरून येतं. त्यानंतर जूनमध्ये शेंडे थोडे खुडले की रंगाची दुसरी फूट मिळते. आता ऑगस्टमध्ये मोठी कापाकापी नको.

डचवाडीकर: करपण्याचं कारण मला कुंडी आणि भिंत वाटते. दुपारचं ऊन, त्यात विटांची धग, आणि फूटभर कुंडीतलं पाणी संध्याकाळपर्यंत संपलेलं. विलो मुळात ओलीचं झाड. दीड फुटांची कुंडी घ्या, नुसतं कोकोपीट नको, मातीचा भाग असलेलं मिश्रण भरा, वर सालींचं आच्छादन द्या. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा शोधा. उन्हाच्या दिवसांत पाणी सकाळी आणि भरपूर.

जमिनीबद्दल आजोबांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मुळं धड नळाला फोडत नाहीत, पण जुन्या नळाच्या सांध्यातून ओल झिरपत असेल तर विलोची मुळं ती नेमकी शोधतात. शिवाय चिकणमातीतलं पाणी मोठे विलो इतकं ओढतात की जमीन आकसून पाया खचू शकतो. तो धोका मुख्यतः वीपिंग विलोसारख्या प्रचंड झाडांचा. तुमचं झुडूप दरवर्षी छाटलं तर आटोक्यात राहील, तरी अशा अंगणात मी कुंडीच ठेवली असती.

गल्लीक्रिकेट: याची बॅट होईल का? 😀

परसदारी: नाही हो दादा. बॅटचा विलो म्हणजे 'सॅलिक्स आल्बा सेरुलिया', इकडे एसेक्स-सफोककडे ओढ्याकाठी लावतात. पंधरा-वीस वर्षांनी तोडायला येतो. अंगणवेडीताईंच्या झाडातून फार तर टोपली विणाल.

अंगणवेडी: दोघांचे आभार. फुटवे काढले, कुंडी भिंतीपासून हलवली. एक विचारायचं राहिलं: मार्चमध्ये कापलेल्या काड्या रुजतात का? बहिणीला द्यायच्या आहेत.

डचवाडीकर: विलोइतकं सहज क्वचितच काही रुजतं. पेन्सिलीएवढ्या जाड, फूटभर लांब काड्या घ्या, दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत, डोळ्यांची टोकं वर. पण डोळे फुटायच्या आत लावा, म्हणजे काड्या फेब्रुवारीतच कापा. फक्त बहिणीला आधी सांगा, हे झाड उंच खोडाचं होणार नाही, जमिनीपासूनच पसरणारं झुडूप होईल.