शेळी व्याली, कोंबडी खुडूक बसली... तुमच्याकडच्या पिल्लांचे अनुभव लिहा

होळी झाली की आमच्याकडे माणदेशात शेळ्या पाठोपाठ व्यायला लागतात, ऑक्टोबरात गाभण राहिलेल्या, पाच महिन्यांचा हिशोब, म्हणजे पोरांच्या परीक्षा, ऊन आणि करडं सगळं एकदमच. परवा रात्री एका उस्मानाबादी शेळीने जुळी दिली. पहिलं करडू, अजून ओलं, खुरांवर ते पिवळट मऊ आवरण असतं ना ते तसंच, मागच्या पायांवर उठलं, पुढे धाडकन आपटलं, परत उठलं आणि आईच्या पुढच्या दोन पायांत सड शोधायला लागलं. शेळी चाटतेय, त्या खास दबक्या आवाजात बोलतेय आणि मी टॉर्च धरून "अरे मागं, मागं जा" म्हणतोय. तुमच्याकडे कोण व्यालं, काय गंमत झाली, कशाने डोक्याला ताप झाला, लिहा. एकच कोंबडी असली तरी चालेल.

—

एकच कोंबडी आहे म्हणून लिहिते :) कुडाळजवळ घर. खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की बाई कुणाचं ऐकत नाही, हात घातला की टोचते. आठवड्याने रात्री अंडी टॉर्चवर धरून बघायची, लाल शिरा दिसल्या तर ठेवायची, नाहीतर काढायची. एकविसाव्या दिवशी अंड्याच्या आतूनच चिवचिव सुरू झाली, मला कवच सोलून द्यायची इतकी घाई, पण सासूबाई म्हणाल्या हात लावू नको गो, आतल्या पापुद्र्यात अजून रक्त असतं, पिल्लू जाईल. पहिल्या दिवशी खायलाही मागत नाहीत, पोटात बलक असतो. मग तांदळाची कणी. पुढे खरं काम घारीचं, पिल्लं डालग्याखाली झाकली तरच मी भांडी घासायला मोकळी.

—

चिकाबद्दल, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधाबद्दल, कुणीच कसं लिहिलं नाही? वासरू जन्मतं तेव्हा अंगात रोगाशी लढायची ताकद जवळपास नसतेच, ती चिकातून जाते, आणि दिवस उलटला की आतडं ती घेत नाही. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. आमचे दादा म्हणतात वार (वासरामागून पडणारी नाळेची पिशवी) पडल्याशिवाय पाजायचं नाही, यावरून प्रत्येक वेताला भांडण. गाईची वार पडायला आठ-दहा तास सहज जातात, तोवर वासरानं काय करायचं? खरवस नंतर करा की, संकरित गाय वासराला पुरून उरेल एवढा चीक देते.

—

+१. आमच्या आळीत मात्र गाय व्यायच्या आधीच खरवसाला नंबर लागलेले असतात.

—

म्हशीचं सांगतो, कागल. रेडकू दगावलं आणि म्हैस पान्हाच सोडेना. आजोबांच्या काळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवायचे, म्हैस हुंगायची, चाटायची आणि धार निघायची. आता काहीजण सरळ इंजेक्शन टोचतात, मला ते बिलकुल पटत नाही. आम्ही सरकी पेंडेची पाटी पुढे ठेवायची, कास कोमट पाण्याने धुवायची आणि आईनेच धारेला बसायचं, दुसरं कुणी बसलं की लाथ. हळूहळू आली वाटेवर.

—

कातड्याचं वाचून दचकलेच! मी वेल्समध्ये असते, मार्च-एप्रिलमध्ये शेजाऱ्यांच्या मेंढ्या व्यायला लागल्या की मदतीला जाते. इथे मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला स्वेटरसारखं चढवतात. मेंढी शेपटीकडून वास घेते, आपलंच आहे असं वाटलं की पिऊ देते, मग दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात ढवळलं होतं, आता मीच पाय धरते. आणि नवं कोकरू उगाच टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, तिला चाटू द्यायचं, त्या वासावरच तर ओळख पटते.

—

आमच्या जुन्नरला करडं म्हटलं की आधी बिबट्या आठवतो. चारी बाजूंनी जाळी मारून उपयोग नाही, वरून पण बंद पाहिजे, उडी मारून आत येतो. वेल्सवाल्या ताई, तुमच्याकडे बरंय, बिबट्या तरी नाही.

—

बिबट्या नाही हो, पण कोल्हे आहेत, आणि कावळे त्याहून वाईट, नुकत्याच जन्मलेल्या कोकराचे डोळे टोचतात. म्हणून उजाडायच्या आत एक फेरी मारावीच लागते. फोटो टाकते सवडीने, आत्ता बाटल्या भरायच्यात.