हत्तीरोगाच्या गोळ्या: "पाय उतरत नाही, मग खायच्या काहून?"

वैनगंगाकाठ: कालच्या पोस्टमध्ये झाडीवाल्यानं लिहिलं, "हत्तीपाय वर्षानुवर्षं तसाच आहे, गोळ्या वाटणं बंद करा." भाऊ, वाटतात त्या डीईसी अन् अल्बेंडाझोल या गोळ्या पाय उतरवायला नाहीच. रक्तातले बारीक जंतू मेले की डासाला पुढं न्यायला काही उरत नाही. अंगातला मोठा जंत कित्येक वर्षं जगतो अन् नवे बारीक जंतू सोडत राहतो, म्हणून गोळ्या दरवर्षी, सलग. श्रीलंका असंच करून 2016 मध्ये मोकळी झाली. आपल्याकडं नागपूर जिल्ह्यात 2019 मध्ये आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळी जोडली. ती माणसाच्या उंचीवर मोजून देतात.

धानबांधी: अन् डास? हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो. घरोघरी संडास झाले, टाकीच्या गॅस पाइपला जाळी किती ठिकाणी आहे? नायलॉनचा तुकडा दुहेरी करून तारेनं आवळा. उन्हानं तो कुजतो, बदलावा लागतो. झाकणाची भेग सिमेंटनं बुजवली नाही तर जाळी फुकट.

वैनगंगाकाठ: विषय गोळ्यांचा आहे, जाळीचा नाही!

धानबांधी: हाच विषय आहे. आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर मकुंदुची गावात संडासाच्या खड्ड्यांत थर्माकोलचे मणी सोडले. ते पाण्यावर थर धरतात, डासाच्या अळीला श्वास घेता येत नाही.

वैनगंगाकाठ: तिथं डीईसीही दिली होती, ते का गाळता? अन् आपल्या टाकीचं पाणी नालीत वाहतं, मणीही वाहून जातील.

धानबांधी: नालीचं खरं आहे. म्हणून तर जाळी म्हणतो!

रोवणीताई: तुम्ही दोघं टाकीतच अडकले. ऑगस्टात सकाळी नऊला गोळ्या घेऊन आलं तर घरी म्हातारी अन् पोरं, बाकी सगळे धानाच्या बांधीत. गोळ्या ठेवून गेलं की त्या कोनाड्यातच राहतात. उपाशीपोटी तर द्यायच्याच नाहीत. रात्री जेवणानंतर या, समोर गिळवा. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं लेकरू, खूप आजारी माणूस सोडून द्या. ताप-मळमळ येऊ शकते हे आधीच सांगून ठेवा, जंतू मरताना असं होतं; नाहीतर पुढच्या वर्षी कोणी तोंडात घेणार नाही.

झाडीवाला: गोळीचं काम वेगळं, मानलं. पण ज्याचा पाय सुजलाच त्याला कोण विचारतं? यादीत नाव लिहिलं की झालं?

रोवणीताई: हा राग बरोबर आहे. त्याला रोज साबण-पाण्यानं पाय धुवायला, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला, तिथं भेग असेल तर मलम लावायला, बसताना पाय उंच ठेवायला शिकवा. बेचकीतूनच जंतुसंसर्ग शिरतो, ताप येतो, सूज वाढते. याच रोगानं होणाऱ्या अंडवृद्धीला ऑपरेशन आहे, लाजेपायी लपवतात.

वैनगंगाकाठ: रात्रीच्या वाटपाचं ग्रामसभेत मांडतो. जाळीचंही, बापा.

धानबांधी: जाळी आधी मांडा.