मुंबईच्या फोर्टात ऑफिसची मंडळी जेवायला-प्यायला कुठे नेता?

दलाल स्ट्रीट, हॉर्निमन सर्कल, बॅलार्ड इस्टेट या पट्ट्यात दोघा-तिघांचं कुठेही भागतं. खरी पंचाईत दहा-बारा जणांची. त्यात कुणी जैन, कुणाला माशांशिवाय घास उतरत नाही, आणि एक जण 'मला काहीही चालेल' म्हणत मेनूकार्ड सोडतच नाही. तुमचे अनुभव सांगा.

सेटलमेंटवाली: पाहुणे बाहेरगावचे असले की बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. 1923 पासूनचं इराणी हॉटेल. दुपारचंच जेवण, रविवारी बंद. म्हणून साडेबाराच्या आधीच ऑफिसातल्या कुणाला तरी टेबल धरायला पिटाळते. बेरी पुलाव येतो तेव्हा नवख्याला वाटतं, नुसता भातच आलाय. वर तळलेला कांदा, आंबटगोड इराणी बेरी. मटण खाली दडलेलं असतं, चमचा खोल घाला! कॅरमल कस्टर्ड मात्र माणशी एक मागवा, वाटून खायच्या भानगडीत पडू नका.

सुरमईप्रेमी: मासे म्हटलं की अपूर्वा, नाहीतर महेश लंच होम. दोन्हीकडे मंगळुरी हात. गस्सी, म्हणजे नारळाचं कालवण, आणि नीर डोसा, बास. क्लायंट सोबत असेल तर खेकडा टाळा. सगळ्यांचे हात मसाल्यात, मग कामाचं बोलणार कोण? शिवाय तो वजनावर लावतात, भाव आधी विचारलेला बरा.

निम्मे जैन: आम्ही सरळ चर्चगेटला सम्राटची गुजराती थाळी गाठतो. ऑर्डरची वादावादी नाही, बिल डोकी मोजून.

बॅकऑफिस: साडेतीनला शेअर मार्केट बंद झालं, हातातलं काम उरकलं की कॅफे मिलिटरी, नगीनदास मास्टर रोड. खिमा, पाव, गार बिअर. टेबलं लहान, त्यामुळे घोळका फुटतो आणि साहेबांच्या टेबलावर कोण बसणार यावरून खाणाखुणा सुरू होतात.

एचआर: प्यायचा बेत असेल तर आधी वयं बघा. महाराष्ट्रात बिअरला 21, हार्ड ड्रिंकला 25 पूर्ण लागतात. आमचे नवे ट्रेनी सगळे तेविशीतले! एका बारने (नाव नको) फोनवर 'या हो' म्हटलं आणि दारात प्रत्येकाचं आधार कार्ड मागितलं. अर्धी पार्टी लिंबू सोड्यावर. मतदानाच्या आसपास ड्राय डेही तपासून घ्या.

बीकेसीवासी: आमचं ऑफिस बीकेसीला, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला हललं. ऐसपैस टेबलं, आगाऊ बुकिंग, सगळं मिळतं. पण कुणाचा निरोप समारंभ असला की आजही लोकल पकडून फोर्टातच येतो, आणि परतताना सीएसएमटीसमोर आरामचा वडापाव असतोच, पोट भरलेलं असलं तरी.