डीबगर हातात कसा बसला? (अनुभव धागा)

नव्या मुलांबरोबर बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. कोड बिघडला की आधी सगळीकडे प्रिंटच्या ओळी पेरल्या जातात. "इथे आलो", "इथे पण आलो", "का???" डीबगर (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत डोकवायचं साधन) आयडीईतच, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो, पण तिकडे कोणी फिरकत नाही, कारण तो कुणी शिकवलेलाच नसतो. पॉइंटर आणि रिकर्शन परीक्षेला येतात, डीबगर येत नाही. मग तो येतो कुणाच्या तरी शेजारी बसून, नाहीतर डेडलाइन गळ्याशी आल्यावर. तुमच्याकडे कसा आला? कुठलं टूल भारी हा वाद नको. एखादा बग सांगा, आणि डीबगरला नेमकं काय विचारलंत तेही सांगा.

सोलापूर, पॉलिटेक्निकमधून निवृत्त

आमच्याकडे टर्बो सी, निळा स्क्रीन. कंट्रोल-एफ९ म्हणजे रन आणि ऑल्ट-एफ५ म्हणजे आउटपुट, एवढंच मुलांना पाठ. एफ७ला, म्हणजे एकेक ओळ चालवणाऱ्या कळीला, कोणी हात लावत नसे. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम सातपर्यंत बरोबर चाले आणि आठला उत्तर ऋण येई. "सर, मशीन खराब आहे." मग मी कंट्रोल-एफ७ने व्हेरिएबल वॉचमध्ये (किंमत सतत दाखवणाऱ्या खिडकीत) टाकायला लावून एफ७ दाबत बसवायचो. १, २, ६, २४, १२०, ७२०, ५०४०, आणि पुढच्या फेरीला -२५२१६. इंट १६ बिटांचा, कमाल ३२७६७, त्यात ४०३२० मावत नाहीत हे फळ्यावर लिहिलेलं असेच, पण आकडा समोर उलटल्याशिवाय ते कुणाला पटलं नाही. हुशार पोरं लगेच इंटचा लाँग (३२ बिटांचा) करून बघत. ते बारापर्यंत नीट जातं. तेराला चुकतं, पण उत्तर धन येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तो दुसरा तास!

पुणे, सी आणि लिनक्स

मी जीडीबी (लिनक्सवरचा डीबगर) शिकले ती एका सिनियर मॅडमकडून. त्यांची अट एकच होती. ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावण्याआधी, तिथे काय दिसेल असं वाटतं ते तोंडाने सांगायचं. सांगता आलं नाही तर एंटर दाबू देत नसत.

बग असा होता. काही ग्राहकांची शिल्लक मध्येच बदलायची. ३००ची २५६ व्हायची, आणि १८०चं तर थेट शून्य. शिल्लक बदलणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावून झाले, सगळी निर्दोष. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कोण बदलतंय ते तू का शोधतेस? त्या जागेवरच पहारा बसव." वॉच डॅश एल (ती जागा बदलली की थांब), पुढे त्या फील्डचं नाव, आणि कंटिन्यू. प्रोग्रॅम थांबला तो स्ट्रिंग कॉपी करताना! जुनी किंमत ३००, नवी २५६. 'अप' करून वरच्या फ्रेममध्ये, म्हणजे ती कॉपी करायला सांगणाऱ्या फंक्शनमध्ये गेले तर ओळ ग्राहकाचं नाव भरणारी. नावासाठी १६ बाइट, त्याला लागून शिल्लक. नाव बरोबर १६ अक्षरांचं असलं की मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य शेजारच्या घरात पडायचा आणि शिल्लकीचा सर्वांत खालचा बाइट पुसला जायचा. शिल्लक ५१२ असती तर काहीच दिसलं नसतं. कोड कितीही वाचला असता तरी तिथे बघायचं मला सुचलं नसतं, कारण त्या ओळीत शिल्लकीचं नावच नाही.

ठाणे

मी अजून प्रिंटवालाच आहे, आणि लाज वगैरे नाही. दोन थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) शर्यत असेल, म्हणजे कोण आधी पोचतो यावर बग ठरत असेल, तर ब्रेकपॉइंटवर थांबलात की शर्यतच संपते. लॉगमध्ये निदान क्रम तरी कळतो. (प्रिंटनेही वेळ बदलते, मान्य. वाद नकोय ना धाग्यात?)

पिंपरी, एसएपी

मी कोडवाली नाही, फंक्शनल, म्हणजे एसएपीत (कंपन्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कामकाजाची बाजू बघणारी. कमांड फील्डमध्ये स्लॅश एच लिहून एंटर मारला की पुढच्या क्लिकला डीबगर उघडतो, हे मला एका एबॅपरने (एसएपीचा कोड लिहिणाऱ्याने) जेवणाच्या सुट्टीत दाखवलं. तोवर प्रत्येक गोष्टीसाठी त्यांच्या मागे लागावं लागे. पहिली शिकार म्हणजे एक झेड रिपोर्ट, कंपनीने स्वतः बनवून घेतलेला. विक्रेता ४७११ मास्टरमध्ये (मूळ नोंदींत) दिसतोय, रिपोर्ट म्हणतो नाही. सिलेक्टच्या (डेटा शोधणाऱ्या ओळीच्या) पुढे थांबून बघितलं तर एसवाय-सबआरसी ४, म्हणजे काही सापडलं नाही. व्हेरिएबलवर डबल क्लिक केलं तर आत नुसता ४७११. टेबलात तोच क्रमांक दहा अक्षरांचा, पुढे सहा शून्यं लावून. स्क्रीन ती शून्यं लपवते, डीबगर लपवत नाही. आता तिकीट टाकताना ओळ क्रमांकासकट टाकते, त्यामुळे डेव्हलपर माझ्याशी जरा सांभाळून बोलतात.

नाशिक, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष

पायथनमध्ये ३.७पासून नुसतं ब्रेकपॉइंट आणि कंस लिहिलं की पीडीबी (पायथनचा डीबगर) उघडतो. माझ्या व्हेरिएबलचं नाव होतं एन. किंमत बघायला एन टाइप करायचो आणि पीडीबी गपचूप पुढच्या ओळीवर जायचा, कारण तिथे एन म्हणजे नेक्स्ट. शेवटी मित्राने सांगितलं, आधी पी लिही. सी नावाचं व्हेरिएबल असेल तर आणखी मजा, सी म्हणजे कंटिन्यू, प्रोग्रॅम सुसाट निघून जातो.

एक प्रश्न आहे. सी++मध्ये स्टेप करताना बाण मध्येच वरच्या ओळींवर उड्या मारतो आणि व्हेरिएबलसमोर 'ऑप्टिमाइझ्ड आउट' येतं. जीडीबी बिघडलाय का?

पुणे, सी आणि लिनक्स

जीडीबी ठीक आहे. तू कंपायलरला डॅश जी (डीबगची माहिती ठेव) दिलंस पण डॅश ओ२ (कोड वेगवान कर) काढलं नाहीस. कंपायलरने ओळींचा क्रम बदललाय आणि ते व्हेरिएबल आता कुठे ठेवलेलंच नाही. ओ शून्य किंवा ओजी देऊन पुन्हा बिल्ड कर. त्याने बगच गायब झाला, तर आधी इनिशियलाइझ न केलेली व्हेरिएबल्स तपास.

चाकण, एम्बेडेड (यंत्रातल्या चिपवरचा कोड)

इथे "थांबव आणि बघ" एवढं सोपं नसतं. तुम्ही प्रोसेसर थांबवता, मोटर थांबत नाही. टायमर गोठवायची सोय चिपमध्ये असते, पण ती आपण चालू करावी लागते. वॉचडॉगचंही (कोड अडकला तर बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरचंही) तेच. नवीन पोरगं तक्रार करतं की ब्रेकपॉइंटला आलं की बोर्ड रीसेट होतो. होणारच, वॉचडॉगला वाटतं कोड लटकला. शिवाय फ्लॅशमधल्या कोडसाठी ब्रेकपॉइंट मोजके. कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरमध्ये जास्तीत जास्त सहा. त्यामुळे कुठे लावायचा ते आधी ठरवावंच लागतं. वरच्या मॅडमची अट आमच्याकडे हार्डवेअरच घालतं.

मुंबई, जावा

लाखो व्यवहारांचा ताळमेळ, त्यातल्या एकाच खात्याचा जुळत नव्हता. ब्रेकपॉइंटला अट घालता येते हे मला तेव्हा कळलं. खाते क्रमांक अमुक असेल तरच थांब. थांबला, तर एका बाजूला १००.०, दुसरीकडे १००.००. बिगडेसिमलचं (जावातला दशांश संख्यांचा प्रकार) इक्वल्स दशांश स्थळंही बघतं, त्याच्या लेखी हे दोन वेगळे. कंपेअर-टू वापरलं, मिटलं.

इशारा: इंटेलिजेमध्ये (आमचा जावाचा आयडीई) ब्रेकपॉइंट मुळात सगळे थ्रेड थांबवतो. आमच्यातल्या एकाने डीबगर सामायिक यूएटी (वापरकर्त्यांच्या चाचणीच्या) सर्व्हरला जोडला आणि चहाला गेला. सगळी टेस्टिंग टीम त्याला शोधत कॅन्टीनमध्ये.

म्युनिक

ठाण्याच्या मित्रासाठी. मोझिलात सुरू झालेलं आरआर हे डीबगिंगचं टूल बघा, लिनक्सवर चालतं. प्रोग्रॅम एकदा रेकॉर्ड करायचा, मग हवा तितक्या वेळा तोच रन जसाच्या तसा, मेमरीतले पत्तेसुद्धा तेच. क्रॅशपाशी जाऊन बिघडलेल्या किमतीवर वॉच लावायचा आणि रिव्हर्स-कंटिन्यू. उलटं चालत ते ती किंमत लिहिणाऱ्या ओळीवर येऊन थांबतं. सगळे थ्रेड एकाच कोअरवर चालवत असल्याने काही शर्यती त्यात घडतच नाहीत, त्यासाठी थ्रेडचा क्रम मुद्दाम विस्कटणारा केऑस मोड आहे. आमच्याकडे कधीमधी फेल होणाऱ्या टेस्ट रात्री त्यातच चालतात. सकाळी रेकॉर्डिंग उघडायचं, बग पुन्हा घडायची वाट बघत बसायला नको.