गुड फ्रायडे झाला, पुढे काय?

वसईकर: चर्चमध्ये क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना) केली, उपास धरला. पण सोमवारी विरार लोकलला लोंबकळताना त्या क्रूसाचं करायचं काय? मनापासून विचारतोय.

केडगावची सून: पंडिता रमाबाईंकडे बघा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवा-मुलींना घेऊन आल्या, शिकवलं, हाताला काम दिलं. ख्रिस्ताने माझ्यासाठी जीव दिला, मग हा जीव माझ्या एकटीचा कसा? मला तरी त्यांचं आयुष्य असंच दिसतं. आमच्या सासूबाई प्रवचनं देत नाहीत. शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजींची रोज वेणीफणी करतात.

वसईकर: वेणी नाही जमणार हो! पण खालचे काका डायलिसिसला एकटेच जातात...

नालासोपारा: कुठल्या वारी? मी येतो, आळीपाळीने जाऊ.